भैरवगडचं ताट

पितृपक्ष लागला की सुधाकर पागनीसांचं डोकं फिरतं, हे माधव नगरातल्या त्या गल्लीत दूधवाल्यापासून केमिस्टपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण यंदा त्यांनी कहरच केला. वय सत्त्याऐंशी, हृदयाची झडप निकामी होत आलेली, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेलं, आणि हा माणूस शिडी लावून माळ्यावरच्या ट्रंका उपसत बसलेला. त्यांची मुलगी मृणाल भाजी घेऊन आली तर तिला आधी दिसले ते माळ्यावरून लोंबणारे त्यांचे दोन पाय.

"बाबा, पडलात तर मी एकटी काय करणार आहे? उतरा बरं आधी."

"सापडत नाही गं," वरून आवाज आला. "एवढं मोठं खानदान, आणि एका बाईचं नाव सापडत नाही."

ती बाई म्हणजे सुधाकररावांची आजी, त्यांच्या वडिलांची सख्खी आई. वडील, म्हणजे गोपाळराव, दोन वर्षांचे असताना ती गेली, असं घरात सांगायचे. गोपाळरावांना वाढवलं ते सावत्र आईनं, अहल्याबाईंनी. वाढवलं चांगलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण मरताना गोपाळरावांनी मुलाचा हात धरला आणि म्हणाले, "सुधा, माझ्या आईचं नाव शोध. तोंड आठवत नाही, आवाज आठवत नाही, नाव तरी असू दे." सुधाकरराव हो म्हणाले. मग नोकरी, बदल्या, बायकोचं आजारपण, हे आणि ते. हो म्हणायला काय लागतं?

तर बाप गेल्यापासून श्राद्धाला बसलं की आजीच्या नावापाशी गाडी अडायची. गुरुजींनी तोड काढली होती. नाव ठाऊक नाही ना, मग गंगा म्हणा, गंगेत सगळं येतं. सुधाकरराव इतकी वर्षं गंगा म्हणत आले. आता मात्र त्यांची झोप उडाली होती. कुणा भलत्याच गंगेला आपण जेवू घालतोय आणि आपली आजी दारात उपाशी उभी आहे, असं त्यांना वाटायचं. वडील वर भेटले तर त्यांना काय तोंड दाखवू, हेही वाटायचं. डॉक्टरांनी पुढच्या पितृपक्षाची खात्री दिली नव्हती, त्यामुळे जे काय शोधायचं ते याच पंधरवड्यात.

मृणालला या सगळ्याचा राग यायचा, आणि राग येतो याचं वाईटही वाटायचं. सरकारी कन्याशाळेत गणित शिकवून ती निवृत्त झालेली, लग्न केलेलं नाही, भाऊ नाही. आजीचं नाव सापडलं तरी पुढच्या वर्षी ते घेणार कोण? मुलीला कोण बसवतं पिंडापाशी? आणि माझं नाव कोण घेणार, हे तर बाबांच्या मनातही आलं नसेल. पण बापाचे पाय माळ्यावरून लोंबताना दिसले की भांडायचं कसं. तिनं शिडी धरली.

ट्रंकांतून निघालं ते असं. एक कुलवृत्तान्त, कुणा हौशी चुलतआजोबांनी छापून घेतलेला. शिंदे सरकारबरोबर इकडे हिंदी मुलखात येऊन त्यांच्या पागेचा हिशेब ठेवणारे मूळपुरुष, त्यांचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, सगळी पुरुषांची रांग. गोपाळरावांच्या नावापुढे एवढंच: 'मातोश्री लवकर वारल्या.' आणि देवघरात होता तो टाक. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर हात जोडलेली बाई. पहिली बायको मेली की तिचा असा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालायचे, म्हणजे सवत त्रास देत नाही. अहल्याबाईंनी तो नवरा असेतो गळ्यात बाळगला. टाकाला नाक होतं, डोळे होते, नाव नव्हतं.

"आता सिद्धवट," सुधाकरराव म्हणाले. "घाटावरच्या पंड्याच्या बहीत असेल, घराण्यांच्या नोंदी असतात तिथं. चल."

"या तब्येतीत?"

"तब्येत सुधारायची वाट बघितली तर मीच बहीत जाईन."

पंचमीला दोघं रिक्षानं गावाच्या टोकाला, नदीकाठच्या भैरवगडला गेली. सिद्धवटाच्या घाटावर ही गर्दी. त्यांच्या घराण्याचा पंडा चाळिशीतला, कानात ब्लूटूथ, पण बही मात्र पणजोबांच्या वेळची, लाल कापडात बांधलेली. त्यानं बहीतलं पागनीसांचं पान काढलं तोवर ऊन चांगलंच चढलं होतं.

"माताजी का नाम?" तो हसला. "बहनजी, उस ज़माने में औरतों का नाम कौन लिखाता था? हाँ, यह देखिए, काम लिखा है. पागनीस की स्त्री सिंहस्थ के मेले में खोई. देह नहीं मिली. पुतला बनाकर दाह किया. वैशाख." त्यानं बोट खाली सरकवलं. "और उसी साल अगहन में नई बहू को लेकर दर्शन को आए हैं."

 सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ज्या ओळीतलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं तिच्याकडे बघत राहिले.

"पालाशविधी केला," बाहेर आल्यावर ते मृणालला म्हणाले. "देह नसला की पळसाच्या पानांचं माणूस करतात आणि ते जाळतात. पण हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते गं. शास्त्र आहे तसं. यांनी बारा दिवस तरी बघितली का?"

"अगहनात, सातच महिन्यांत, नवी सून आणायची होती ना. मग बारा वर्षं कशी परवडणार," मृणाल म्हणाली. ती असं बोलली की एरवी बाबा चिडायचे. आज चिडले नाहीत.

"म्हणजे ती मेली असं कुणी पाहिलंच नाही," ते म्हणाले.

परत येताना मुख्य रस्त्यावर कसलं तरी खोदकाम चाललं होतं, म्हणून रिक्षावाल्यानं छीपांच्या, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्यांच्या, गल्लीतून गाडी घातली. दोन्ही बाजूंना ओल्या चादरी दोरीवर टाकलेल्या, कुठे लाल, कुठे काळ्या. उकळत्या रंगाचा आंबूस, जरासा जळका वास रिक्षात शिरला. मृणालनं नाकाला पदर लावला. सुधाकरराव मात्र ताठ झाले.

"रोको," ते म्हणाले. "भैया, रोको ज़रा."

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही. अगं, मी इथं यायचो. ताट घेऊन."

ते उतरले. एका ओट्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि तिथेच, चादरींच्या मधे, त्यांनी मृणालला जे सांगितलं ते तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ऐकायचं कुठून, त्यांनाच सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचं श्राद्ध अविधवा नवमीला, आणि त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, हे मराठी घरांत कुणालाही सांगावं लागत नाही. पागनीसांकडेही गोपाळरावांच्या आईची नवमी व्हायची. घरात एक सवाष्ण जेवायची, ती रीतसर. पण अहल्याआजी एक ताट वेगळं वाढायची. खीर, वडे, पुरण, बाजूला खण, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकवाच्या पुड्या. ताटावर केळीचं पान, त्यावर फडकं. ते ताट घेऊन छोटा सुधाकर टांग्यात बसायचा आणि भैरवगडला यायचा. टांगेवाला घर दाखवायचा. घरी कुणाला सांगायचं नाही, आजोबांना तर नाहीच नाही, अशी आजीची ताकीद होती.

"कुणाकडे यायचात?"

"होती एक बाई. हात कोपरापर्यंत लाल, रंगाचे. मला ओट्यावर बसवायची, पहिला घास मला द्यायची आणि मग जेवायची. आपल्यासारखंच मराठी बोलायची. मला वाटायचं, असतील भैरवगडात पण मराठी माणसं."

"काय बोलायची?"

सुधाकररावांनी डोळे मिटले. "आज कुणाचं रे, म्हणून विचारायची. मी म्हणायचो, आजीचं. मग म्हणायची, नाव काय तिचं? मी म्हणायचो, माहीत नाही. बरं, म्हणायची. दर वर्षी तेच. आणि मग बाबांचं विचारायची. तुझे बाबा काय खातात, अजून खोकतात का रात्रीचे, रागावतात का तुला. चिकार प्रश्न. मला कंटाळा यायचा."

मृणालच्या हातातली पिशवी ओट्यावर टेकली. गणिताच्या बाईच्या डोक्यात बेरीज चटकन होते, आणि तिला ती व्हायला नको होती.

"बाबा, ताट बंद कधी झालं?"

"आजोबा गेले त्या वर्षी. श्रावणात गेले ते. वर्षाच्या आत पक्ष करत नाहीत, म्हणून घरात नवमी नव्हती. तरी आजीनं ताट वाढलं. मी म्हटलं, यंदा कशाला? तर म्हणाली, तू गपचूप नेऊन दे." ते थांबले. "त्या ताटात खण नव्हता. बांगड्या नव्हत्या, कुंकू नव्हतं. नुसतं जेवण."

"मग?"

"त्या बाईनं फडकं काढलं. ताट बघितलं. म्हणाली, आजी कुंकू विसरली का रे? मी म्हटलं, विसरली नाही, आजोबा गेले ना आमचे. मला वाटलं, घरात सुतक झालं म्हणून आजीनं दिलं नसेल, तेच सांगितलं. ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती तोंड धुऊन आली. कपाळ ओलं, पार कोरं. हात मोकळे. मी म्हटलं, तुमच्या बांगड्या? तर म्हणाली, जा बाळ, टांगेवाला थांबलाय."

गल्लीत कुणीतरी लाकडी ठसा कापडावर मारत होतं, त्याचा धप धप आवाज येत होता.

"बाबा," मृणाल हळू म्हणाली, "त्या घरात त्या बाईचा नवरा तुम्ही कधी पाहिलात?"

 सुधाकरराव ओट्यावर बसले.  मृणालनं पाठीला हात लावला तर शर्ट घामानं भिजलेला. तिनं जिभेखालची गोळी काढून त्यांच्या तोंडात दिली. मनात एकच: देवा, इथं नको, आत्ता नको.

त्यांची चाहूल लागून आतून एक म्हातारी काठी टेकत आली. रामकन्याबाई तिचं नाव, ते घर तिचंच. तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "किसे ढूँढ रहे हो, बाबूजी?"

मृणालनं कसंबसं सांगितलं. मराठी बाई, लाल हात, नवमीचं ताट. रामकन्याबाईंनी सुधाकररावांकडे नीट निरखून बघितलं.

"थाली वाले लड़के," ती म्हणाली. "तो आप हो. मैं ब्याह के आई तब दादी थीं. मराठन दादी. सारा मोहल्ला यही बोलता था. बूटे ऐसे छापती थीं कि जोड़ न दिखे. हर बरस नौमी को ओटले पे बैठ जाती थीं सुबह से. हम कहते, दादी, अब कोई नहीं आता. कहतीं, बैठने में क्या जाता है."

तिनं सांगितलं ते तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं. सिंहस्थात पटकी पसरली होती. नदीकाठी एक पोरवयाची बाई पडलेली, अंगात त्राण नाही, ओळखीचं कुणी जवळ नाही. घरातल्या थोरल्यांनी उचलून आणली. ती वाचली. महिन्याभरानं चालायला लागली तशी तिला घरी पोचवायला गेले. दारातूनच परतवलं. आतून निरोप आला, तिची क्रिया झाली, जिची क्रिया झाली ती घरात कशी येणार. पोरगं आतमधे रडत होतं, ते तिला ऐकू येत होतं. ती दारात उभी राहिली, मग ती परत या माणसांबरोबर निघून आली. त्यानंतर कधी गेली नाही.

"नई वाली को पता चला बाद में," रामकन्याबाई म्हणाली. "बस वही भेजती थी थाली. दादी कहती थीं, मेरा ही सराध है, मैं ही खाती हूँ. हँसती थीं."

मृणालला अहल्याआजी फोटोतूनच माहीत होती. गळ्यात टाक, चेहरा कठोर. जिवंत सवतीचा टाक गळ्यात बाळगायचा, आणि वर्षातून एकदा तिलाच जेवू घालायचं. नवऱ्याला सांगायची छाती नाही, गप्प बसायचीही नाही. नवरा मेला तेव्हा सवतीला कळवायला दुसरं कोण होतं? म्हणून कुंकू न घातलेलं ताट. पोराच्या हातून. मृणालला अहल्याआजीचा संताप आला, आणि तिची कणवही आली.

सुधाकररावांनी मान वर केली. ज्यासाठी ते माळ्यावर चढले होते तेवढंच त्यांनी विचारलं. "नाम क्या था उनका?"

रामकन्याबाईंनी मान हलवली. "नहीं बताया, बाबूजी. मैंने भी पूछा था. कहती थीं, मेरे घर से कोई पूछेगा तो उसको बताऊँगी. और किसी को क्या करना है." मग म्हणाली, "जाते समय भी नहीं बताया. आग मेरे ससुरजी ने दी."

 परतताना फ्रीगंजच्या पुलावर रिक्षा अडकली, हॉर्न वाजत राहिले, तेव्हा सुधाकरराव बोलले.

"दर वर्षी विचारायची गं ती. नाव काय तिचं. ती वाट बघत होती. मी एकदा म्हणालो असतो, तुमचं नाव काय, तर सांगितलं असतं तिनं. जिला विचारायचं ती समोर जेवत होती, आणि मी टांग्याकडे बघत बसायचो."

"तुम्ही लहान होतात, बाबा."

"मोठा झालोच की नंतर. बाबा मरताना मी किती मोठा होतो. ते आईचं नाव मागत होते, आणि मी त्यांच्या आईच्या हातचा घास खाल्लेला माणूस. एवढं म्हणालो असतो की भैरवगडला एक बाई होती, तुमच्या खोकल्याची चौकशी करायची. त्यांनी ओळखलं असतं. मला आठवलंच नाही. त्या ताटाचं आठवण्यासारखं काय होतं?"

 मृणालनं त्यांचा हात धरला. एरवी ती धरत नसे. त्या हाताची बोटं गार होती.

नवमीला तिनं पहाटेच स्वयंपाकाला घेतलं. बाबांनी सांगितलं होतं, दोन ताटं. एक श्राद्धाचं, एक रामकन्याबाईंच्या ओट्यावर. दुसऱ्या ताटात खण, बांगड्या, कुंकू काही ठेवायचं नाही, असंही सांगितलं होतं. नवमी सवाष्णीची, आणि ती तर विधवा होऊन गेलेली. तिथी चुकते बाबा, असं मृणालनं सांगून बघितलं. ते म्हणाले, "चुकू दे. ती या दिवशी ओट्यावर बसायची."

सिद्धवटावर गुरुजी आले. गुरुजी तिशीतले, फोनवर पुढची वेळ ठरवता ठरवता दर्भ मांडणारे, पण मनानं बरे. मृणाल बाजूला उभी राहणार तोच सुधाकरराव म्हणाले, "तू इथं बस. माझ्या शेजारी."

"मी कशाला?"

"पुढच्या वर्षी तुला करायचं आहे. बघून ठेव."

गुरुजींनी भुवया उंचावल्या. सुधाकररावांनी त्यांच्याकडे असं बघितलं की गुरुजी मुकाट्यानं पळीपंचपात्र मांडू लागले. मृणाल बसली. तिला काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांचा राग एका वाक्यानं जात नाही, पण त्याला बसायला जागा मिळाली.

नावं सुरू झाली. गोत्र, आई, मग आजीशी आले, आणि गुरुजींनी सवयीनं आपणच म्हटलं, "गंगा."

"गंगा म्हणू नका," सुधाकरराव म्हणाले.

"सापडलं का नाव? वा. काय म्हणू?"

"माहीत नाही."

गुरुजी गोंधळले. "काका, नाव घेतल्याशिवाय पिंड कसा पोचायचा? काहीतरी म्हणावं लागतं. गंगा काय वाईट आहे?"

"काहीतरी म्हणूनच तिला घराबाहेर ठेवलीय," सुधाकरराव म्हणाले. "माहीत नाही तर माहीत नाही म्हणा. तिला ते ऐकायची सवय आहे."

गुरुजींनी मृणालकडे पाहिलं. हिला तरी अक्कल असेल, अशा आशेनं. मृणाल म्हणाली, "नावाची जागा रिकामी सोडा, गुरुजी."

त्यांनी गोत्र म्हटलं, जागा सोडली. सुधाकररावांनी पिंड उचलला. मृणालनं खालून आपला हात लावला. दोघांनी मिळून तो दर्भावर ठेवला. मग सुधाकरराव वाकले, छातीवर हात धरून, आणि दहा वर्षांचा असताना जे विचारायला हवं होतं ते त्यांनी साध्या मराठीत विचारलं.

"आजी, तुझं नाव काय?"

पाठीमागच्या घाटावर भांड्यांचा खणखणाट चालला होता. गुरुजी थांबले. मृणाल थांबली. माणूस सांगायला तोंड उघडेल एवढा वेळ ते तिघंही थांबून राहिले, आणि मग गुरुजींनी पुढचा मंत्र घेतला.